नावं ठेवता आली पाहिजेत

नवा सिनेमा लागला की पहिले तीन दिवस त्याच्याविषयी समाजमाध्यमांवर परीक्षणं येऊ नयेत, अशी मागणी घेऊन तमिळ निर्मात्यांची एक संघटना २०२४च्या अखेरीस मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. पहिला खेळ सुटतो न सुटतो तोच यूट्यूबवर निकाल लागलेला असतो आणि कोट्यवधी ओतलेला सिनेमा शुक्रवारी दुपारीच झोपतो, ही त्यांची तक्रार. त्या वर्षी मोठ्या नटांचे अवाढव्य खर्चाचे सिनेमे आपटले होते, त्यामुळे राग ताजा होता. न्यायालयाने मनाई करायला नकार दिला आणि परीक्षण हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचं सुनावलं. त्याआधी केरळ उच्च न्यायालयासमोरही असंच प्रकरण चाललं होतं. तिथे न्यायालयाने सल्ल्यासाठी नेमलेल्या वकिलाने, म्हणजे न्यायमित्राने, सिनेमा लागल्यावर ४८ तास थांबावं, अशी सूचना केली होती.

मराठीत अशा याचिकेची गरजच पडत नाही. तोंड बंद ठेवण्याचं काम आपण आपसांत, प्रेमाने उरकतो.

मराठी सिनेमा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निरोप आठवून बघा. ‘आपल्या भाषेतला सिनेमा आहे, आवर्जून पाहा. सहकुटुंब पाहा. थिएटरमध्ये जाऊनच पाहा. पुढे दहा जणांना पाठवा.’ यात सिनेमा कसा आहे हे कुठेच नसतं. पाठवणाऱ्याने तो पाहिला आहे की नाही, याचाही पत्ता नसतो. आणि एखाद्याने गटावर लिहिलंच, की बाबांनो, मध्यंतरानंतर मला झोप आली, तर त्याची शाळा घेतली जाते. टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट निघते. ‘मग तू काढून दाखव’ निघतं. आणि सगळ्यात हमखास म्हणजे, ‘दक्षिणेकडचे लोक बघा, कसे आपल्या सिनेमामागे उभे राहतात!’ आता त्या दक्षिणेतल्या निर्मात्यांना स्वतःच्याच प्रेक्षकांची तोंडं आवरायला कोर्टाची पायरी चढावी लागली, ही बातमी या मंडळींपर्यंत पोचलेली नसावी. तिथला प्रेक्षक सिनेमावर जीव टाकतो हे खरंच आहे, पण फसला तर त्याच दिवशी शिव्याही घालतो. या दोन गोष्टी एकाच माणसात राहतात. आपल्याला त्यातली एकच हवी आहे.

माझं म्हणणं असं की, ज्याच्या तोंडून कधीच ‘नको जाऊस’ निघत नाही, त्याच्या ‘जा’ला काही किंमत उरत नाही. मराठी सिनेमाला, आणि जे काही मराठी कॉमिक्स उरलं असेल त्यालाही, गरज आहे ती विश्वासाने ऐकल्या जाणाऱ्या मतांची. ती मतं स्तुतीच्या सक्तीतून तयार होत नाहीत.

हिशेब साधा आहे. चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं तर तिकिटं, खाणं, पार्किंग धरून हजार-दीड हजार सहज जातात. भाषेसाठी म्हणून एकदा ते गेले, दोन तास जांभया देत बसले, आणि बाहेर येताना शेजाऱ्याला ‘बरा होता, प्रयत्न चांगला आहे’ म्हणाले. ‘प्रयत्न चांगला आहे’ या वाक्याने मराठी सिनेमाचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं कुठल्याही खवचट समीक्षकाने केलेलं नाही. कारण पुढच्या वेळी खरोखरच चांगला सिनेमा येतो, तोच निरोप त्याच शब्दांत फिरतो, आणि हे कुटुंब म्हणतं, येईलच की ओटीटीवर.

मौनाचा काळ कायद्याने आला काय किंवा सद्भावनेने आला काय, तो मोठ्या सिनेमाच्या सोयीचा असतो. ज्याच्याकडे हजारो पडदे आहेत आणि जाहिरातीला पैसा आहे, त्याला शुक्रवार, शनिवार, रविवार लोकांनी गप्प बसलेलंच हवं असतं; तेवढ्यात त्याची वसुली होते. लहान सिनेमाचं गणित उलटं असतं. त्याला शहराच्या एका टोकाला सकाळी अकराचा एक खेळ मिळतो, दुसऱ्या टोकाला दुपारी तीनचा. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमे संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत दाखवावेत, असं राज्य सरकारने एप्रिल २०१५मध्ये जाहीर केलं होतं. त्यावर गदारोळ झाला आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. म्हणजे दुपारचा खेळ दिला की नियम पाळला. अशा सिनेमाला शनिवारपर्यंत कोणी तरी कोणाला तरी ‘अरे, हा बघ’ म्हटलं नाही, तर सोमवारी त्याचे उरलेसुरले खेळ कापले जातात. त्याच्याकडे दुसरी जाहिरातच नसते. ४८ तासांचं मौन त्याच्यासाठी जवळपास संपूर्ण आयुष्याएवढं आहे.

तोंडी शिफारशीची ताकद बघायची असेल, तर ३० जून २०२३ला लागलेला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आठवावा. सहा बहिणी, त्यांची आपसांतली धुसफूस आणि मंगळागौरीची स्पर्धा. पन्नास कोटींच्या पुढे धंदा केला त्याने. पहिल्या आठवड्यानंतर बायकांचे घोळकेच्या घोळके नटूनथटून, काही ठिकाणी नऊवारी नेसून आणि गॉगल लावून, थिएटरात यायला लागले. हे परीक्षणांमुळे झालेलं नव्हतं. भिशीच्या गटात, सोसायटीच्या जिन्यात, शाळेच्या फाटकाशी एका बाईने दुसरीला सांगितलं, म्हणून झालं. माझ्या ओळखीच्या एका काकूंची शिफारस अशी होती: ‘बहिणीशी बोलणं बंद असेल तर बघ. नवऱ्याला नेऊ नकोस, तो मध्येच फोन काढेल.’ मला स्वतःला त्या सिनेमातले काही प्रसंग मालिकेसारखे ताणलेले वाटले. पण काकूंच्या दोन वाक्यांत सिनेमा कोणासाठी आहे, कोणासाठी नाही, आणि सांगणारीला तो कुठे लागला, हे सगळं आलं. पाचपैकी साडेतीन तारे देणाऱ्याला एवढं सांगता येत नाही.

याच्या विरुद्ध बाजूलाही दम आहे, ती झटकून चालणार नाही. आज ‘मत’ नावाखाली जे विकलं जातं त्यातलं बरंच मत नसतंच. थिएटरच्या दाराशी माईक घेऊन उभं राहायचं आणि सगळ्यात जास्त चिडलेल्या माणसाचं तोंड टिपायचं, कारण चिडलेला माणूस जास्त बघितला जातो. काही जण पैसे घेऊन तारे वाढवतात, काही पैसे न मिळाल्याने कमी करतात, असा आरोप निर्माते करतात आणि तो सगळा खोटा असेल असं मला वाटत नाही. नटाच्या जातीवरून, नटीच्या एखाद्या जुन्या विधानावरून, न पाहिलेल्या सिनेमाला हजारोंनी एक-एक तारा देण्याच्या मोहिमा चालतात. दोन वर्षं राबून, घर गहाण ठेवून सिनेमा काढलेल्या माणसाला हे बघून कोर्टात जावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही.

पण यावरचा उपाय मौन हा नव्हे. पैसे घेऊन केलेली स्तुती ही जाहिरात आहे, आणि जाहिरातीसाठी नियम आधीच आहेत. जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांनी (इन्फ्लुएन्सर्सनी) पैसे किंवा भेटी घेतल्याचं उघड सांगावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं आणली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३मध्ये तेच अधिक ठसठशीत सांगितलं. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन परीक्षणांसाठी तर भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानकही २०२२पासून आहे, फक्त ते ऐच्छिक ठेवलंय. म्हणजे सोय आहे. वापरायची इच्छा नाही. कारण ही तत्त्वं मनापासून लावायची तर ‘खास खेळाला’ फुकट बोलावलेल्या आणि बाहेर येऊन ‘अप्रतिम!’ म्हणणाऱ्या सेलिब्रिटी मित्रमंडळींनाही ती लावावी लागतील. निर्मात्यांना वाईट बोलणाऱ्यांचा हेतू तपासून हवा आहे. चांगलं बोलणाऱ्यांचा हेतू तपासायची याचिका मी अजून ऐकलेली नाही.

आता मतांच्या दर्जाकडे येतो, कारण मला जास्त चिंता त्याची आहे. पैशाचा मामला एक वेळ दंडाने सुटेल. पण पैसे न घेता, मनापासून दिलेली आपली मतंही फार पोकळ असतात. मराठी प्रेक्षकाची सगळ्यात लाडकी दाद कोणती? ‘विषय चांगला घेतलाय.’ शेतकऱ्यांचा विषय, वृद्धांचा विषय, शिक्षणाचा विषय. सिनेमा म्हणजे जणू वक्तृत्व स्पर्धा. विषयाला निम्मे गुण आधीच. विषय घेऊन पुढे काय केलं, कॅमेरा कुठे ठेवला, कोणाकडे पाहिलं आणि कोणाकडे पाहायचं टाळलं, यावर बोलायला शब्द आहेत आपल्याकडे, पण ते बाहेर काढायची सवय नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चं काय झालं ते सांगतो. २०१४चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, व्हेनिसमधली पारितोषिकं, पुढे भारतातर्फे ऑस्करसाठी निवड. २०१५च्या एप्रिलमध्ये तो लागला तेव्हा लोकांना सांगितलं गेलं, ‘पुरस्कार मिळालेत, विषय गंभीर आहे, मराठी माणसाने पाहायलाच हवा.’ लोक कोर्टरूम ड्रामा समजून गेले आणि वैतागून परतले. त्यांना कोणी तरी सांगायला हवं होतं, की इथे कॅमेरा एका जागी बसून राहतो, माणसं बोलून निघून जातात तरी तो हलत नाही. एका लोकशाहिरावरचा खटला हे फक्त निमित्त आहे. खरी गंमत वकील आणि न्यायाधीश घरी जातात तेव्हा आहे. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जातात. त्या नाटकात परप्रांतीय मुलाला घराबाहेर हाकलतात आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमतं. दुसऱ्या दिवशी याच बाई न्यायालयात शांतपणे, नियमावर बोट ठेवून, एका माणसाचा जामीन अडवणार आहेत. त्यांच्यात दुष्टावा काहीच नाही, ही त्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत आपणही कधी ना कधी बसलेलो असतो. मी कोणाला ‘कोर्ट’ सुचवतो तेव्हा त्या नाटकाच्या प्रसंगाबद्दल सांगतो. ऐकून ज्याचे डोळे लकाकतात तो जातो. ज्याचे लकाकत नाहीत त्याला मी आग्रह करत नाही. (हा रसभंग झाला, असं म्हणणारे भेटतात. चांगल्या सिनेमातला एक प्रसंग आधी कळल्याने तो बिघडत नाही. शेवट मात्र सांगू नये, ‘सैराट’चा तर मुळीच नाही.)

कॉमिक्सच्या बाबतीत तर आपण एवढ्यावरही पोचलेलो नाही. ज्यांचं बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असेल: डेंकालीच्या जंगलातला वेताळ (म्हणजे अमेरिकेतला फँटम), जादूगार मँड्रेक, आबिद सुरती यांनी घडवलेला बहादूर. १९६४ला सुरू झालेली ती मालिका १९९०मध्ये बंद पडली. तेव्हा अंक हातोहात फिरायचे आणि त्याबरोबर मत फुकट मिळायचं. ‘हा नको घेऊस, यात वेताळ शेवटच्या चार पानांत येतो’, हे वाचनालयाच्या दारात सायकल टेकवून उभा असलेला नववीतला मुलगा सातवीतल्याला सांगायचा. त्याचा कोणावर उपकार नव्हता, कोणाचं कर्जही नव्हतं. अंक रटाळ असेल तर रटाळ. अमेरिकन वेताळाला जगवायची जबाबदारी त्या मुलावर कोणी टाकलेली नव्हती, आणि म्हणून त्याचं मत ऐकण्यासारखं होतं.

मग मोठेपणी काय होतं? कॉमिक्स हे ‘मुलांचं’ होतं, आणि मुलांना काय सुचवायचं तर संस्कार होतील असं काही तरी. अनंत पै यांनी १९६७मध्ये सुरू केलेली अमर चित्र कथा आजही वाढदिवसाची हमखास भेट आहे. तिने दोन-तीन पिढ्यांना पुराणं आणि इतिहास वाचायला लावला, यात शंका नाही. पण ती देताना, ‘यात देव-राजे गोरेपान आणि असुर काळेकभिन्न काढलेत, त्यावर मुलाशी बोला’, असं सांगणारा काका मला अजून भेटायचा आहे. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे, ती चित्रं कोणी काढली हे आपण कधी विचारलंच नाही. तिथला कृष्ण राम वाईरकरांनी काढला, मुलांच्या ‘टिंकल’मधल्या वेंधळ्या सुप्पंडीचं ते अंड्यासारखं डोकंही त्यांचंच. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेचे कितीतरी अंक काढले, आणि पुढे हिंदी पट्ट्यातल्या पोरांना वेड लावणारा हिरवा कॉमिक्सवीर नागराजही सुरुवातीला त्यांच्याच हातून उतरला. भारताच्या निम्म्या बालपणाची चित्रं मराठी हातांनी काढली आणि मराठीत त्या हातांबद्दल चार ओळींचं बोलणं नाही. गोष्ट सगळ्यांना आठवते, रेघ कोणालाच नाही. ‘विषय चांगला’चाच हा दुसरा अवतार.

डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ हे चित्ररूप पुस्तक २०११मध्ये आलं. ते सुचवताना लोक म्हणतात, ‘बाबासाहेबांवर आहे, घरात असावं.’ घरात असावं म्हणजे कपाटात असावं. मी ते असं सुचवतो: दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे मध्य प्रदेशातले परधान गोंड आदिवासी चित्रकार आहेत, आणि त्यांनी कॉमिक्सच्या चौकटीच नाकारल्या. पानावर चौकोन नाहीत. गोंड चित्रांतले वळणदार पट्टे प्रसंग वेगळे करतात. बोलण्याचे फुगे बघा. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे, आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मसूर स्टेशनवर उतरलेली मुलं आणि बडोद्यात भाड्याने खोली न मिळालेला पदवीधर, हे आपल्याला पाठ असलेले प्रसंग. त्या नांगीमुळे ते पुन्हा टोचतात. आता तक्रारही सांगतो: आजच्या काळातल्या दोन माणसांच्या संवादातून ही कथा सांगितली आहे, आणि ते संवाद मला वर्तमानपत्री, समजावून सांगणारे वाटले. चित्रं जिथे पोचली होती तिथे शब्द उगाच मागून धावत आले. ही तक्रार सांगितल्यामुळे पुस्तकाचं एकही गिऱ्हाईक कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट समोरचा म्हणतो, दाखव बरं तो विंचू.

यावर एक जण मला म्हणाला, ‘तुमचं ठीक आहे, पण सामान्य प्रेक्षकाने एवढा विचार करून मत द्यायचं का? त्याला आवडलं म्हणू दे की.’ म्हणू दे. काकूंनी चौकटींचा आणि कॅमेऱ्याचा विचार कुठे केला होता? त्यांनी स्वतःचं बहिणीशी असलेलं भांडण मधे ठेवलं, एवढंच. मत देणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत ते दाखवलं की पुरतं. आमच्या वेळचे सिनेमे कसे सोन्यासारखे होते, हे ऐकवणाऱ्या आजोबांचंही मला चालतं, कारण ते कुठे उभे आहेत हे मला पहिल्या वाक्यात कळतं. अडचण येते ती कुठेच उभं न राहता सगळ्या मराठी जनतेच्या वतीने बोलणाऱ्यांची.

मुंबईत प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी १९६८पासून चालू आहे. तिथे किंवा पुण्यातल्या अशा मंडळांत सिनेमा संपल्यावर चर्चा होते, कोणी दिग्दर्शकाच्या तोंडावर ‘कळलं नाही’ म्हणतं, आणि पुढच्या महिन्यात दोघंही पुन्हा येतात. कोणी कोणाला भाषेचा शत्रू ठरवत नाही. ते काही शे लोकांत जमतं, कारण बोलणाऱ्याची आवडनिवड सगळ्यांना ठाऊक असते. अमक्याला गाणी आवडत नाहीत, तमक्याला इराणी काहीही आवडतं. हीच ओळख घरच्या, कार्यालयाच्या, शाळासोबत्यांच्या गटांतही असते. तिथे आपण एकमेकांना पुरते ओळखतो, आणि नेमकं तिथेच छापील निरोप पुढे ढकलतो.

तर माझ्याकडून एक शिफारस, नावं ठेवून. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’, २०२५च्या मार्चमध्ये लागला होता; त्याआधी टोरांटोच्या महोत्सवात गाजला. चंद्रपूरकडचं खेडं, कापसाचा भाव पडलेला, आणि सविता नावाची मुलगी पुन्हा पुन्हा पाहुण्यांसमोर पाटावर बसते. सुरुवातीच्या प्रसंगात मुलगा बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. तो प्रसंग एकट्याने पाहण्यासारखा नाही, शेजारी हसायला कोणी तरी हवं. नट बहुतेक तिथलेच, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा आलेले. बोली कानात बसायला पश्चिम महाराष्ट्रातल्यांना थोडा वेळ लागेल. बघायच्या कार्यक्रमातले तेच ते प्रश्न इतक्या वेळा येतात की मी एका टप्प्यावर कंटाळलो. दिग्दर्शकाला तो कंटाळा हवाच होता हे मान्य, तरी एक कार्यक्रम कमी चालला असता. ज्यांच्या घरात सध्या स्थळं बघणं चालू आहे त्यांनी बघावा, आणि मुलाकडच्यांनी आधी. झिंगाट काही तरी हवं असेल तर यात ते नाही, दुसरं काही तरी लावा.